ओट्यावरच्या बायकांचं मत

तुमच्या दहाव्याला कावळा येईना, अक्का. येणार तरी कुठून? ओढा कोरडा ठाक, बाभळींना पाला नाही, या दुष्काळात कावळ्यांनीही गाव सोडलेलं. आमच्या ह्यांनी पिंड मांडले, टँकरच्या पाण्याची कळशी शेजारी ठेवली आणि सगळं गाव डोक्यावर ऊन घेऊन आभाळाकडं बघत बसलं. मग नेहमीचं सुरू झालं. कुणी म्हणालं, "म्हशींला अंतर देणार न्हाई म्हणा." कुणी म्हणालं, "धाकल्या जावंला सांभाळतो म्हणा." हे हात जोडून सगळं म्हणत गेले. धाकटी जाऊ म्हणजे मी. ह्यांच्याच बायकोला सांभाळायचं वचन ह्यांनी तुम्हाला दिलं. एरवी मी हसून लोळले असते. कावळा काही आला नाही. शेवटी बायकांच्या घोळक्यातून सुभद्रा उठली. तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे, डेअरीत बोलली की धारूरच्या किल्ल्यावर ऐकू जातो. ती ओरडली, "अक्का, तुमची हीर आमी खांदू! तुमी म्हटलं तिथंच खांदू! या आता!"

आणि आला की हो. कुठून आला देव जाणे, पण आला, चोच मारली आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. "अक्काचा जीव हिरीत आडकला व्हता," हे वाक्य माझ्या आधी घरी पोचलं.

अक्का, तो कावळा उपाशी होता. दुसरं काही नव्हतं. पण हे मी कुणाला सांगू? तुम्ही असता तर तुम्हाला सांगितलं असतं, आणि तुम्ही कपाळावर हात मारून म्हणाला असता, "पाखराला विचारून ठराव करायले का गं?"

घरात तुम्ही थोरली, मी धाकटी. गावच्या महिला दूध संस्थेत तुम्ही अध्यक्ष, मी सचिव. म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऐकून घ्यायचं ते मीच आणि उलट बोलायचं तेही मीच, कारण बाकी कुणाची छाती नव्हती. भांडण रंगलं की माझी जीभ 'तू'वर घसरायची. तुम्ही मुद्दा सोडून तेवढंच पकडायच्या, "आधी तुमी म्हण, मग भांड." आता रान मोकळं आहे तर बघा, एक 'तू' तोंडातून निघत नाही.

आपलं सगळ्यात जुनं भांडण ओट्याचं. परक्या माणसाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही, पण आपल्या संस्थेत एक नियम होता, कुठं लिहिलेला नव्हता आणि लिहिलेल्या सगळ्या नियमांपेक्षा कडक पाळला जायचा. सभेत कुणाला रडू आलं किंवा कुणाचा आवाज चढला, तर तिनं उठून बाहेर ओट्यावर जायचं. तिथं माठ ठेवलेला. पाणी प्यायचं, तोंडावरून हात फिरवायचा, जीव निवला की आत येऊन आपलं म्हणणं सांगायचं. तुम्ही नुसतं "वट्यावर जा" म्हणालात की भल्याभल्या गुमान उठायच्या.

हा नियम तुमच्या डोक्यात कुठून आला ते मला ठाऊक आहे, मी शेजारी बसले होते. आधीच्या एका दुष्काळात चारा छावणीत आपल्या गल्लीची जनावरं रोज रांगेच्या शेपटाला लागायची. तुम्ही ग्रामसभेत उभ्या राहिलात. सगळं नीट बोलत होतात, आणि मधेच सकाळी मेलेल्या गाईचं नाव निघालं आणि तुमचा आवाज फुटला. पुढच्या रांगेतला एक पुढारी मागं न बघता म्हणाला, "आरं, बाईला पाणी द्या. घरी न्हेऊन सोडा." सभा हसली. घरी चुलीपुढं बसल्यावर म्हणालात, "माझं म्हणणं खरं व्हतं, मंदा. डोळ्यातून पाणी आलं आन सगळं वाहून गेलं." त्या दिवसानंतर तुम्हाला रडताना गावानं पाहिलं नाही. लोक तुम्हाला दगड म्हणायचे, आणि तुम्हाला ते आवडायचं, खोटं सांगू नका.

नियमानं भलंही लई झालं, ते मी कधी नाकारलं नाही. सुभद्रेच्या दुधात पाणी सापडलं तेव्हा तिनं अख्खी डेअरी डोक्यावर घेतली होती. तुम्ही तिला ओट्यावर पाठवलंत. आत आली ती थंड होऊन, म्हणाली, "व्हय, घातलं. म्हस उन्हाळ्यात पाणी कमी पिती, म्हून मी वरून भरून काढलं." बायका हसून हसून दमल्या आणि दंड तिनं स्वतःच भरला. आत राहिली असती तर केसांना धरलं असतं एकमेकींच्या. या साली मात्र तिचं दूध चोख होतं. पाणी घालायला पाणी नव्हतं.

आणि मला बोलायला कुणी शिकवलं? तुम्हीच. लग्न होऊन आले तेव्हा चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. दहावीला तुम्ही बसवलंत, अंगणवाडीचा अर्ज तुम्ही भरायला लावलात, आणि पहिल्या सभेआधी मला गोठ्यात उभं केलंत. "म्हशीपुढं बोल. ती हसत न्हाई आन मधी बोलत न्हाई." मी तिच्यापुढं संस्थेचा सगळा अहवाल वाचला. ती रवंथ करत राहिली. तुम्ही म्हणालात, "बघ, पटलं तिला." हे उपकार आहेत, अक्का. तुम्ही शिकवलेल्या तोंडानंच मी तुमच्याशी भांडले, एवढंच.

तुमचं म्हणणं दूध घालणाऱ्या बाईचं होतं. तुम्ही म्हणायच्या, "धार काढल्या काढल्या माप घेतलं की फेस बी मापात येतो. फेस बसू द्यावा, मग मोजावं. माणसाचं बी तसंच हाय. रडत बोललेलं कुणाला कळत न्हाई." मी म्हणायची, "या उन्हात फेस बसायची वाट बघितली तर दूध नासतं." तुम्ही म्हणायच्या, "मग सावलीत ठीव." मी म्हणायची, "सावली हाय कुणाकडं?" असं आपलं चालायचं, धारा काढताना, भाकरी थापताना. त्याचा निकाल कधी लागला नाही. लागावा अशी घाईही नव्हती, कारण भांडायला उद्या आहेच असं वाटायचं.

यंदा निकालाची वेळ आली. माणसांना टँकर होता, जनावरांना नव्हता. संस्थेनं गायरानात स्वतःची विहीर खोदायची आणि हौद बांधून सभासदांची जनावरं पाजायची असं ठरलं. भूजलवाले साहेब यंत्र घेऊन आले. मग गावाच्या हट्टानं पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन आला. त्या दोघांचं आयुष्यात कधी पटलं नसतं, इथं पटलं. ओढ्याचं वळण, दोन करंजांच्या मधली जागा. पाणी तिथं होतं. आणि तिथंच गाव आपली तान्ही लेकरं पुरतं.

मोठ्या माणसाला आपण जाळतो. दात न आलेल्या लेकराला जाळवत नाही. त्याला ओढ्याकाठी ठेवतात, वर दगड रचतात, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बोराटीची फांदी टाकतात आणि मागं न बघता घरी येतात. तिथं कुणाचं काय आहे हे गावात कुणी विचारत नाही. बायका त्या वळणाजवळून जाताना बोलणं थांबवतात, इतकंच.

पहिल्या सभेत तुम्ही विषय मांडलात, नेहमीसारखा, एकेक मुद्दा हाताच्या बोटावर घेत. जागा गायरानाची, ग्रामपंचायतीची हरकत नाही, पाणी दुसरीकडं नाही, जनावरं बाजारात कवडीमोलानं जायला लागलीत. सगळं खरं होतं. मग रुक्मिण उभी राहिली. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरची, दोन गाई घेऊन संस्थेत आलेली, सभेत कधी तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "अक्का, तिथं माझा..." आणि पुढचं तिच्या तोंडातून येईना. तुम्ही अगदी मऊ आवाजात म्हणालात, "वट्यावर जा, रुक्मिण. पाणी पी. आमी थांबतो." तिच्यामागं दुसरी उठली, मग तिसरी. मग मी ओरडले, "आवं, बोलू तर द्या तिला!" तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "मंदा, तू बी." मी, संस्थेची सचिव, माठापाशी जाऊन बसले.

तुम्ही थांबलात, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी कुणाचा जीव निवेना. रुक्मिण पाणी प्यायची आणि पुन्हा रडायची. आत धारेची वेळ झाली म्हणून चुळबुळ सुरू झाली. शेवटी सुभद्रेनं हात वर करायला सांगितले, मोजले, आणि तिचा तो आवाज भिंतीतून आमच्यापर्यंत आला, "मंजूर! एकमतानं!"

एकमतानं, अक्का! ज्यांना नाही म्हणायचं होतं त्या सगळ्या बाहेर बसल्या होत्या. भिंतीच्या अल्याडही हात आहेत हे मोजणारीच्या डोक्यात आलं नाही. जिचं जळत होतं ती बाहेर आणि जिला धग लागत नव्हती ती आत, आणि आतल्या म्हणणार आम्ही शांतपणे विचार करून ठरवलं. शांत राहायला त्यांचं गेलंच काय होतं?

घरी आल्यावर गोठ्यात मी तुम्हाला सोडलं नाही. म्हणाले, "सगळ्यांला ठकवलं तुम्ही. आन त्यात स्वतःला बी." तुमचा हात आचळावर थांबला. मी कशाबद्दल बोलतेय ते तुम्हाला कळलं होतं.

ते बोलायचं नाही असं ठरलं होतं आपलं. माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष, आपण सगळे ऊसतोडीला गेलो होतो. फडावरच्या खोपीत तुमची पोर जन्मली. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गावाकडं परत येताना ट्रकमध्ये तिला ताप चढला, आणि अर्ध्या वाटेत ती तुमच्या मांडीवर गेली. तुम्ही हाक मारली नाही, रडला नाहीत. तिला उचलून माझ्या मांडीवर दिलीत आणि म्हणालात, "धर. माझे हात मेलेत." ट्रकनं पहाटे आपल्या तिघांनाच फाट्यावर उतरवलं, हे मागच्या ट्रकात होते. थोरल्या दिरांनी ओढ्याच्या वळणावर खड्डा केला, ऊस तोडायच्या कोयत्यानंच, दुसरं काही जवळ नव्हतं. वर दगड मी लावले. बोराटी तुम्ही ओढून आणलीत, हाताला काटे भरले. मग उठून म्हणालात, "गल्लीला सांगायचं तिकडंच ठिवली म्हून. इथं हाय म्हटलं की सगळी गल्ली माझ्या उरावर येऊन रडंल. मला सोसायचं न्हाई." आणि घरी येऊन चूल पेटवलीत. त्यानंतर तुम्हाला मूल झालं नाही. थोरले दीर गेल्यावर ती जागा दोघींनाच ठाऊक होती.

त्या दिवशी गोठ्यात मी म्हणाले, "सांगा की सभेत. माझं बी तिथं हाय म्हणा. रुक्मिणीला तरी वाटणार न्हाई की तुम्हाला कळत न्हाई." तुम्ही धार पुरी काढलीत. मग म्हणालात, "तिथं पाणी हाय, मंदा. मेलेलं लेकरू तान्हेलं न्हाई, म्हस तान्हेली हाय."

"हे तरी सांगा सगळ्यांला."

"न्हाई. मी बोलले की रुक्मिणीचं तोंड बंद. अक्काचं आसून अक्का व्हय म्हणती, मग मी कोण रडणार, आसं हुईल तिला. माझ्या दुखानं तिचं दुख कावून दाबू?"

  इतका विचार करणाऱ्या बाईला दगड म्हणायचं, आणि तिनं ते ऐकून घ्यायचं. मला तुमचा राग आला आणि तुमच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काही न करता कळशी आपटून आत गेले.

दुसऱ्या सकाळी दूध घालायला आलेल्या बायकांपुढं तुम्ही म्हणालात, "कालचा ठराव खोटा हाय. पुन्यांदा सभा घ्यायची. भाईरच्यांचे बी हात मोजायचे." सुभद्रा चिडली, तुम्ही ऐकलं नाही. मी म्हणाले, "मग नियम बी काढा." म्हणालात, "नियम ऱ्हाईल. तेवढ्यावर भांडू आपुन नंतर." आणि ते नंतर आलंच नाही. चार दिवसांत डेअरीच्या दारात कॅन उचलायला वाकलात त्या उठलाच नाहीत.

तर आता बघा काय झालं होतं. तुम्ही स्वतःच्या मरणाआधी स्वतःचं दुःख सभेत आणलं नाहीत, कुणाचं तोंड बंद होऊ नये म्हणून. आणि तुमच्या मरणानं सगळ्यांचीच तोंडं बंद झाली. रुक्मिण अंगणवाडीत येऊन मला म्हणाली, "ताई, मी आता काय बोलू? कावळा शिवला ना. मेलेल्या माणसाच्या इच्छंला न्हाई म्हणाया मी कोण?" ज्या बायका तुमच्याशी भांडायला तयार होत्या त्या तुमच्या आठवणीनं रडत होत्या आणि रडत रडत हो म्हणत होत्या. सुभद्रेनं पोकलेनवाल्याला सांगून ठेवलं होतं. सभा नावालाच उरली होती.

आणि तुमच्या जागी, अध्यक्षाच्या खुर्चीवर, मी. बोलले तर तुम्हाला दिलेला शब्द मोडते. गप्प बसले तर पोकलेनचा दात कुठं पडेल ते एकट्या मला माहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, माझ्या बाबतीत विहीर तर खरीच होती. रोज पोरांना खिचडी वाढताना मी मनात तुमच्याशी बोलायची. तुम्ही म्हणायच्या, जीव निवू दे, मग ठरव. निवत नव्हता, अक्का. पाण्याचा आख्खा माठ संपवला मी.

सभा भरली. सुरुवातीला श्रद्धांजली. उभ्या राहिलो, आणि एकीनं हुंदका दिला, मग सगळी खोली फुटली. खुर्चीत बसून मीही. नियमाप्रमाणं आता काय करायचं? सुभद्रा नाक पुसत म्हणाली, "ताई, आख्खी सभाच वट्यावर पाठवाया लागती की." रडता रडता हसू आलं सगळ्यांना. मी म्हणाले, "मग चला." सतरंजी उचलली आणि बाहेर आलो. ओटा पुरला नाही, निम्म्या पायऱ्यांवर टेकल्या. कुणाला कुठं पाठवायचं उरलं नाही.

मी म्हणाले, "मी अक्काच्या विरोधात हाय. आन त्या कावळ्याच्या बी." सुभद्रेचा आ वासला तो मिटेना. मग माझी कारणं सांगितली. दुष्काळ सरतो, विहिरी आटतात, आपल्या भागात आटलेल्या विहिरी काही कमी नाहीत. ती जागा एकदा गेली की पुन्हा आणता येणार नाही. आणि मला ती जागा हवी आहे, हेही माझं कारणच आहे. आणि मग तुमच्या पोरीचं सांगितलं. ट्रक, कोयता, दगड, सगळं. रडत सांगितलं, शब्द गिळत, मधेमधे थांबत. तुमचा शब्द मी मोडला. माफी मागत नाही. तुम्ही असता तर माझ्यावर धावून आला असता, तेवढं मात्र फार पाहिजे होतं.

तुम्हाला ज्याची भीती होती तेच आधी झालं.  सुभद्रेनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या ती हीर. अक्काच्या लेकराच्या अंगावर म्हशी पाजायच्या व्हय?" बाकीच्या माना हलल्या.  तुम्हाला हवी असलेली विहीर मी तुमच्याच पोरीला पुढं करून बुजवली होती. तुम्ही बरोबर होतात, असंच मला त्या घटकेला वाटलं.

मग रुक्मिण उठली. तिला रडू आलं नव्हतं, रागानं तिचा चेहरा लाल झाला होता. "अक्काला म्हाईत व्हतं! तिचं तिथं आसून तिनं मला भाईर पाठिवलं! मला म्हणली पाणी पी! कावून? माझ्या मांडीला मांडी लावून बसली आस्ती तर काय झालं आस्तं तिला?" तुमच्यावर ओरडत होती, अक्का, मेलेल्या माणसावर, आणि कुणी तिला अडवलं नाही. "जित्ती आस्ती तर लई भांडले आस्ते मी तिच्याशी," ती म्हणाली आणि तिथं तिला रडू फुटलं. आणि रडतच ती पुढं बोलत राहिली. माझं सगळं ध्यान तिच्या तोंडाकडं होतं. "माझ्या गाई बी तान्हेल्यात. पाणी तिथंच हाय तर खांदा हीर. पण पयला थर पोकलेननं न्हाई. हातानं. आपुन बायकांनी. जे निघंल ते उचलून करंजाच्या वरच्या अंगाला न्हेऊ, दगड लावू. यंत्राला कळत न्हाई काय लागलं ते. हाताला कळतं."

इतक्या सभा झाल्या, साहेब आला, पाणाड्या आला, तुम्ही बोटं मोजलीत, मी ओरडले. हे कुणाला सुचलं नव्हतं. पहिल्या सभेत तिला एक वाक्य पुरं करू दिलं असतं तर कदाचित तेव्हाच सुचलं असतं. ते तिच्या रडण्यातच होतं, अक्का. रडणं बाहेर पाठवलं तेव्हा तेही त्याच्याबरोबर बाहेर गेलं.

लगेच गोडी झाली असं समजू नका. सुभद्रा म्हणाली, हातानं खणायचं तर दिवस जाणार, तवर जनावरांनी काय चाटायचं? रुक्मिण म्हणाली, तुझ्या चार म्हशी हायत, ये मग चार हात घेऊन. आवाज चढले. एक बाई उठून गेली, पुन्हा आली. दुसरीनं हळूच विचारलं, तिचं स्वतःचं लेकरू कुठं ठेवलंय ते तिच्या नवऱ्यालाच ठाऊक, तो गेला, मग ते कसं ओळखायचं? रुक्मिणीनं तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. मग हात वर झाले. मी उभी राहून मोजले, पायरीवरच्यांचेही. विहीर मंजूर. वरचा थर हातानं. विरोधात मोजक्या जणी, त्यांत माझा हात. एकमतानं हा शब्द मी कुणाला उच्चारू दिला नाही.

तर असं आहे. भावनेनं बोलणं बंद होतं असं तुम्ही म्हणायच्या, ते बंद झालं आणि मग उघडलंही. आपलं जुनं भांडण मी जिंकले असं मला वाटतंय आणि सांगायला घरात कुणी नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, आता जेव." आणि सभा मात्र मी हरले. जी विहीर मला नको ती अध्यक्ष म्हणून खोदून घ्यायची मलाच आहे. सुटका कुठूनच नाही. राजीनामा द्यावा म्हटलं तर जागा दाखवायला दुसरं माणूस नाही.

अंगणवाडीतली पोरं घरी गेली आहेत आणि मी हे लिहीत बसले आहे. उद्या सकाळी धारा काढून झाल्या की सगळ्या जणी कुदळ-टोपली घेऊन ओढ्याच्या वळणावर जमणार आहेत. सुभद्राही येणार आहे. सगळ्यांच्या पुढं मला चालायचं आहे. तिथं पोचल्यावर मला रडू येणार, ते आत्ताच येतंय, आणि ते थांबायची वाट बघत कुदळी उभ्या राहणार नाहीत. मी रडतच सांगणार आहे, इथं हळू, तिथं नको, हे दगड आधी उचला. तुम्ही म्हणायच्या रडत बोललेलं कुणाला कळत नाही. त्यांना कळावं लागेल, अक्का. खाली आपली पोर आहे.